दादाची सायकल माझ्या मापाची करावी का? (एकटीचा लांबचा प्रवास)

पाठोपाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न सायकलच्या मापाचा आहे, पण त्याला बाकीचंही चिकटलंय, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल. ज्यांना फक्त तांत्रिक भागात रस आहे त्यांनी सरळ आकड्यांच्या परिच्छेदावर जावं.

माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी गेला. ४७ वर्षांचा होता. रात्री झोपेतच हृदयविकाराचा झटका. त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं नेहमीसारखे सायकलवर होतो. चढावर तो पुढे जाऊन थांबला होता आणि मी धापा टाकत पोचले तेव्हा फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होता. बास, एवढंच. त्यात पुढचं काही सुचवणारं नव्हतं.

आम्ही साधारण दीड हजार किलोमीटरचा एक प्रवास ठरवला होता. दादाने त्याची एक्सेल शीट केली होती: रोजचं अंतर, एकूण चढ, मुक्काम, पाणी कुठे मिळेल, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या कुरकुरीचा अंदाज, १ ते ५. मोठ्या घाटाच्या दिवसापुढे त्याने ७ लिहिले होते.

तो प्रवास मी एकटीने करणार आहे. जावं की नाही हे विचारत नाहीये, ते ठरलंय. आईला पसंत नाही. मावशीचं म्हणणं, "दुःखापासून पळून पळून किती लांब जाशील?" वहिनी काहीच बोलली नाही. एका संध्याकाळी दादाची सायकल घेऊन आली आणि माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, भिंतीवर टांगलेली बघवत नाही, विकणार तर नाहीच, पोरगा मोठा झाला की त्याची. तोवर तू चालव.

आता आकडे. सायकल स्टीलची टूरिंग, ५४ सेंमीची फ्रेम, वरची नळी उतरती. ड्रॉप हँडल, ११० मिमीचा स्टेम (हँडल फ्रेमच्या बाजूला जोडणारा दांडा), चामड्याची सॅडल. दादा ५ फूट १०, मी ५ फूट ७. माझी पायाची आतली लांबी ७९ सेंमी, म्हणजे पाय जमिनीला नीट टेकतात. माझ्या स्वतःच्या सायकलला पुढे-मागे कॅरियर लावायची सोय नाही आणि गिअरही सामान घेऊन चढायच्या लायकीचे नाहीत, म्हणून ही न्यायची. फक्त भावनेपोटी नाही. (बरंचसं भावनेपोटीच.)

सीट त्याच्या उंचीवर आहे. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, त्याने काळी टेप गुंडाळून खूण केलीय. मी तशीच चालवून पाहते आहे. तासाभराने गुडघ्याच्या मागे ओढ बसते, कंबर डावी-उजवी झुलते, आणि उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. सीट खाली करायला हवी हे मलाही कळतं. अॅलन की घेऊन बसते आणि परत उठते. एकदा हिंमत करून बोल्ट सैल केला तर पोस्ट हललीच नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

तर प्रश्न असे. सगळी मापं माझी केली तर पुन्हा त्याची करता येतील का? दुसरं, हँडलवरच्या साध्या कंप्युटरची बॅटरी संपत आलीय. एकूण अंतर अठरा हजारांच्या घरात दाखवतोय. बॅटरी बदलली की तो आकडा जातो का? आणि तिसरं, जे लोक असे एकटे गेले आहेत त्यांना: दिवसभर पेडल मारत राहण्याची मला भीती वाटत नाही. संध्याकाळी काय करता?

तेलकट_हात

ताई, मी सायकलचंच बोलतो. बाकीचं मला नीट बोलता येत नाही.

गुडघ्याच्या मागे दुखतं म्हणजे सीट उंच आहे. पुढून दुखलं असतं तर खाली आहे म्हटलं असतं. कंबर झुलते तेही त्याचंच. करंगळी आणि अनामिका बधिर होते ती अल्नर नसेमुळे. ती तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाते, आणि हँडल लांब असलं की सगळा भार तिथे येतो. तासाभराच्या राइडला हे चालून जातं. रोज पाच-सहा तास, सामानासकट, आठवड्यामागून आठवडे असं चालवलंत तर बोटांची ताकद कमी होते आणि ती परत यायला महिने लागू शकतात. ब्रेक त्याच बोटांनी दाबायचे आहेत हे लक्षात घ्या.

माप: आतली लांबी गुणिले ०.८८३. तुमचे ७९, म्हणजे जवळपास ७० सेंमी. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग) मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत सॅडलच्या माथ्यापर्यंत मोजायचं. तिथून सुरुवात करा. मग टाच पेडलवर ठेवून पेडल खाली आणा, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. पुढचे बदल ५ मिमीचे, एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राइड.

हँडल जवळ आणायला सीट पुढे सरकवू नका. सगळे हेच करतात, आणि मग गुडघा पेडलच्या पुढे येऊन दुसरंच दुखणं सुरू होतं. स्टेम बदला. ११० चा ८० केलात की ३ सेंमी जवळ येतं. फोर्कची नळी (जिच्यावर स्टेम बसतो) मात्र कोणालाही कापू देऊ नका, कोणी कितीही म्हणालं की नीटनेटकं दिसेल. उरलेली उंची स्टेमच्या वर स्पेसर म्हणजे कड्या घालून भरा. भाच्याला उद्या लागेल.

हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सायकलवर फार थोड्या गोष्टी कायमच्या असतात. कापणं कायमचं. बाकी सगळं उलटं फिरवता येतं. काही हलवायच्या आधी तीन मापं मिलिमीटरमध्ये लिहा: बॉटम ब्रॅकेट ते सॅडलचा माथा, सॅडलचं टोक ते हँडलचा मध्य, आणि सॅडलचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या उभ्या रेषेच्या किती मागे आहे. जुना स्टेम आणि सॅडल चिठ्ठी लावून खोक्यात. एवढं असेल तर तुमच्या भावाची बैठक कोणीही मेकॅनिक अर्ध्या तासात जशीच्या तशी लावून देईल. टेपचा फोटो काढून ठेवा, पोस्ट खाली जाताना ती फ्रेमच्या तोंडाशी गोळा होणार.

पोस्ट अडकली कारण फ्रेम स्टीलची आणि पोस्ट बहुधा अॅल्युमिनियमची. दोन धातू, त्यात घाम आणि पाणी, म्हणजे गंज पकडतोच. हातोडी नको. बोल्ट पूर्ण सैल करा, सांध्यावर गंज सोडवणारं पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग सॅडल दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळा. न हलल्यास पुन्हा तेल, पुन्हा रात्र. सुटली की दोन्ही बाजू पुसून ग्रीस लावून बसवा. खाली जाताना पोस्टचं टोक बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूला आतून लागतंय का तेवढं पाहा.

चामड्याची सॅडल मात्र वापरू नका. ती वर्षानुवर्षं त्यांच्या हाडांवर बसलेली आहे, आणि बायकांच्या बैठकीच्या हाडांतलं अंतर सहसा जास्त असतं. तिचा ताणाचा नटही फिरवू नका. कोरड्या जागी ठेवा.

कंप्युटर: बरेच साधे कंप्युटर बॅटरी काढली की आकडा विसरतात, काही लक्षात ठेवतात. बऱ्याच मॉडेलांत सेटिंगमध्ये जाऊन जुना आकडा हाताने भरता येतो. आधी फोटो काढा, चाकाच्या घेराचा सेट केलेला आकडाही लिहून घ्या, मग बॅटरी काढा.

आणि सायकल बरेच महिने उभी होती. टायरच्या बाजूंना भेगा, ब्रेक पॅड, केबल, साखळीची झीज, हे सगळं बघा. पूर्ण सामान लादून दोन दिवसांची एक चाचणी राइड केल्याशिवाय निघू नका.

स्टेथो_आणि_स्पोक

धाग्याचा विषय हा नाही, पण वाचून गप्प बसवत नाही. तुमचा सख्खा भाऊ ४७ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत, असं झालं असेल तर डॉक्टर त्याला अकाली हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास धरतात. आता तो तुमच्याही फाइलमध्ये आहे.

निघण्यापूर्वी हृदयविकारतज्ज्ञांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी होईलच. लायपोप्रोटीन लिटल-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) या तपासणीबद्दल विचारा. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, आयुष्यात एकदा तपासली तरी सहसा पुरते, आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या अहवालात ती नसते. ट्रेडमिल टेस्ट किंवा इको लागेल का ते त्यांना ठरवू द्या. झोपेत मृत्यू झाला म्हणून शवविच्छेदन झालं असेल तर तो अहवाल सोबत न्या, कारण ब्लॉकेज होतं की ठोक्यांच्या लयीचा दोष, यावर तुमच्या तपासण्या बदलतात. वहिनींनाही सांगा, मुलाला कधी तपासायचं ते विचारून ठेवायला.

दुःखात छाती जड होते, श्वास पुरत नाही, झोप उडते. हे खरंच होतं, आणि म्हणूनच धोका आहे. चढावर छातीत दाब येतो आणि थांबल्यावर कमी होतो, असं झालं तर "दादाची आठवण आली" म्हणून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा आणि मदत मागा.

उलटा_वारा

मला सायकल नेणंच पटत नाहीये. एकच प्रश्न विचारतो: ती चोरीला गेली, किंवा ट्रकने मागून घासून फ्रेम वाकवली, तर तुम्हाला सहन होईल का? नसेल तर दुसरी सायकल मागून आणा. लांबच्या प्रवासात सायकल पडते, ओरखडे येतात, बसच्या टपावर बांधावी लागते. रोज रात्री तिची राखण करायला लागलात तर तुम्ही राखणदार झालात, प्रवासी राहिला नाहीत.

मावशींच्या बोलण्याबद्दल. डर्वला मर्फी या आयरिश बाईंचे वडील १९६१ मध्ये गेले, आई १९६२ मध्ये. आईच्या आजारपणासाठी चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली. जानेवारी १९६३ मध्ये त्या एकट्या सायकलवर निघाल्या, त्या भारतापर्यंत आल्या. लोक हे उदाहरण दुःखावरचा उपाय म्हणून देतात. मला त्यातलं महत्त्वाचं वेगळं वाटतं. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि अॅटलास मिळाला तेव्हाच त्यांनी हा प्रवास ठरवला होता. मृत्यूच्या आधी ठरलेलं काम मृत्यूनंतर केलं तर त्याला पळणं कसं म्हणायचं? तुमचीही शीट आधीचीच आहे की.

सावकाश_येतेय

संध्याकाळचं विचारलंस म्हणून लिहितेय. अहो-जाहो करत नाही, चालेल ना? माझा नवरा गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकटी गेले होते.

संध्याकाळ सगळी अवघड नसते. अवघड असतो तो पोचल्यानंतरचा पहिला पाऊण तास. सायकल टेकवलेली, बूट काढलेले, आणि हात फोनकडे जातो "पोचले" सांगायला. कोणाला सांगणार? हे निघायच्या आधी ठरव. एकच माणूस, रोज, न चुकता. ते आई नको, कारण आई त्याच्यावर दहा प्रश्न विचारेल. मी एका मैत्रिणीला सांगितलं होतं की उत्तरात फक्त अंगठा पाठव. शंभर शब्दांचा धीर नको होता मला. त्याच माणसाकडे तुझं लाइव्ह लोकेशन असू दे, आणि मुक्काम कुठे आहे हे सोशल मीडियावर तिथून निघाल्यावरच टाक.

त्या पाऊण तासाला हातांना काम दे. साखळी पुसायची. टायरवरून कापड फिरवून काचेचे कण शोधायचे. कपडे धुवायचे. उद्याचा रस्ता बघायचा. माझी साखळी आयुष्यात कधी इतकी चकचकीत नव्हती.

दुसरं, खाणं. दुःखात भूक मरते आणि सायकल तर जाळत राहते. शरीरातला साठा दोन-अडीच तासांच्या दमदार राइडला पुरतो, मग खड्डा. त्या खड्ड्यात माणूस रडतो, चिडतो, सगळं व्यर्थ वाटतं, आणि ते दुःख आहे की रिकामं पोट, हे आतून अजिबात कळत नाही. मी घड्याळाचा गजर लावला होता: अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात, ताशी साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. आणि स्वतःशी ठरवलं होतं की परत जायचा निर्णय उपाशीपोटी घ्यायचा नाही. आधी खायचं, पंधरा मिनिटं बसायचं, मग हवं तर परत फिरायचं. एकदा तसं बसूनही परत फिरावंसं वाटलं. फिरले. ट्रेन पकडली, चार दिवस घरी राहिले, आणि जिथून सोडलं होतं तिथून पुढे गेले. कोणी काही म्हणालं नाही.

चढावर रड, काही बिघडत नाही, वेग माणसाच्या चालीचाच असतो. उतारावर नाही. डोळे भरले की सायकल बाजूला. हा नियम मी कडक पाळला, कारण ओल्या डोळ्यांना खड्डा दिसत नाही.

रस्त्यावर लोक विचारतील, एकट्याच? घरचे नाहीत का? याची दोन खरी उत्तरं तयार ठेव, एक छोटं आणि एक मोठं. कोणाला कुठलं द्यायचं ते चेहरा बघून ठरव. पुरुष रात्रीच्या मुक्कामाबद्दल जास्त चौकशी करायला लागला तर तिसरं: "मागून आमचा ग्रुप येतोय." ते खोटं बिनदिक्कत बोल.

शीटमधली रोजची अंतरं मात्र कमी कर. ती दोघांसाठी आखली होती. पंक्चर काढताना दुसरा पंप धरतो, एक पाणी आणतो तोवर दुसरा सामान बघतो, वारा समोरून आला की आळीपाळीने पुढे राहायचं. एकटीला हे काहीच नाही. शिवाय झोप उडालेल्या माणसाचं लक्ष आणि ताकद दोन्ही कमी असतात. त्याने ९० लिहिलं असेल तिथे तू ६० धर. आणि त्याची तारीख प्रवासात येत असेल तर त्या दिवशी घाट नको, मुक्कामच ठेव.

मावशीला सांगायचं असेल तर: स्ट्रोब आणि शूट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलंय की शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसापाशी, कधी समोरच्या कामापाशी. ही ये-जाच सावरण्याचा भाग आहे. सायकलवर ती दिवसातून वीस वेळा होते. पण मी मावशीशी वाद घातला नसता. मावश्या ऐकत नाहीत.

अवांतर: उलटा_वारा यांच्याशी अर्धी सहमत. राखणदार होऊ नकोस. पण ओरखडे पडू देत.

पाठोपाठ

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पोस्ट सुटायला वेळ लागला. रात्रभर तेल, मग पिळणं, काही नाही. पुन्हा तेल. शेवटी भाच्याला बोलावलं; त्याने सॅडल धरली, मी फ्रेम, आणि दाराची कडी निघावी तसा आवाज करत ती हलली. मापं त्याच्याकडूनच लिहून घेतली. त्याने वहीत वर "बाबाचं सेटिंग" आणि खाली "आत्याचं सेटिंग" असे दोन तक्ते केलेत आणि तिसऱ्यासाठी जागा सोडलीय.

उलटा_वारा, तुमचा प्रश्न मी त्यालाच विचारला. मोडली तर? म्हणाला, "बाबानेपण पाडलीय, मागच्या कॅरियरचा डावा पाय वाकडा आहे बघ." मी बघितला. आहे वाकडा. मला माहीतच नव्हतं, आणि दादाने मला का सांगितलं नसेल तेही कळतंय, कारण हेल्मेटवरून सारखी मीच बोलायचे.

डॉक्टरांकडे जाऊन आले. शवविच्छेदनाचा अहवाल होता, तो आमच्यापैकी कोणी उघडलाच नव्हता. त्यांनी वाचला. रक्तवाहिन्यांचं निघालं, लयीचं नाही. माझ्या तपासण्या चालू आहेत, लिटल-एचा अहवाल यायचाय, ट्रेडमिल पुढच्या आठवड्यात. ते झाल्याशिवाय निघणार नाही, हे आईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा या विषयावर माझ्याशी नीट बोलली. वहिनीनेही भाच्यासाठी वेळ घेतलीय.

कंप्युटर आकडा विसरला, पण सेटिंगमध्ये भरता आला. तिथून पुढेच मोजू देतेय.

"पोचले" वहिनीला पाठवायचं ठरलंय. अंगठ्याची अट तिलाच जास्त आवडली.

आता फक्त स्टेम. ८० मिमीचा नवा घ्यायचा की माझ्याकडे पडलेला ९० चा लावून बघू? बोटं अजून थोडी बधिर होतात, पण सीट खाली केल्यापासून बरीच कमी.

तेलकट_हात

९० चा आधी लावा, फुकट आहे. क्लॅम्पचा (स्टेमची हँडल पकडणारी खाच) व्यास जुळतोय का पाहा, ३१.८ मिमी असायला हवा; जुन्या हँडलला २६ किंवा २५.४ असतो, मग तो बसणारच नाही. चाचणीच्या दोन्ही दिवसांनंतर बोटं ठीक असतील तर ८० घेऊ नका.

कॅरियरचा वाकडा पाय वाकडाच राहू द्या, पण तिथला बोल्ट आणि वेल्डिंग नीट तपासा. अॅल्युमिनियमचा कॅरियर असेल तर सरळ करायला जाऊ नका, तुटेल. स्टीलचा असेल तर चालेल. भार उजव्या बाजूला थोडा जास्त ठेवा, आणि दोन जास्तीचे एम५ (५ मिमीचे) बोल्ट सोबत घ्या.